पूर्णेच्या पाण्यावर : मरळीच्या मागावर

सोमवार, ऋणमोचन

अमरावतीहून वलगावमार्गे आलो. वाटेत पेढी नदी लागते. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला तो वलगावजवळ, या पेढीच्या काठी. आणि ज्या पूर्णेवर आम्ही मासे धरायला आलो, तिच्यावरचा ऋणमोचनचा घाट त्यांच्याच खटपटीतून उभा राहिला. पौषातल्या रविवारी इथं यात्रा भरते. काळ्या मातीच्या चिखलात यात्रेकरू घसरत, म्हणून बाबांनी पायऱ्यांचं काम हाती घेतलं. काठावर उभं राहिलं की त्या कामाचं मोल कळतं. पावसाळा सरला तरी दरडीवरची माती पायाला सोडत नाही.

मला ही नदी अनोळखी. माझा गळ आजवर पडला तो बहुतेक सिंभोऱ्याला, अप्पर वर्ध्याच्या जलाशयात. तिथं पाणी खोल, काठ उघडे. इथं दोन्हीकडं उंच दरडी, मध्ये गढूळ पाणी आणि पुरात उन्मळून आडव्या झालेल्या बाभळी. कुठं पुरुषभर खोल, तर चार वल्ह्यांच्या अंतरावर गुडघ्याला पाणी.

मंगळवार, ऋणमोचन

ज्यांच्या डोंग्यात बसलो ते भोई काका सत्तरीचे असतील. हातात लांब बांबू. खोल पाण्यात वल्हं, उथळात बांबू, आणि त्याहून उथळ आलं की खाली उतरून डोंगा ढकलायचा.

मी त्यांना जेट बोटीबद्दल सांगत होतो. न्यूझीलंडच्या उथळ, गोट्यांच्या नद्यांत पंख्याची बोट चालेना, म्हणून बिल हॅमिल्टन या माणसानं १९५४ च्या सुमारास पाणी बुडाकडून ओढून मागं जोरात फेकणारं यंत्र बसवलं. बोटीखाली पंखाच नाही, त्यामुळं वीतभर पाण्यातही ती धावते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ससक्वेहाना नदीवर लोक अशाच बोटीतून स्मॉलमाउथ बास नावाच्या झुंजार माशामागं जातात. खडकांच्या कडांवरून बोट उडवत न्यायची, आणि खडकाआड दबा धरून बसलेल्या माशापुढं आमिष सोडायचं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भाऊ, आपल्या पूर्णेत गोटे कुठीसाक हायेत? इथं गाळ हाये अन् शेवाळ. थे मशीन गाळच पिईन ना."

अगदी बरोबर बोलले. जेटचं तोंड शेवाळानं आणि काडीकचऱ्यानं तुंबतं, हा त्या यंत्राचा जुनाच दोष. पूर्णेचं खोरं म्हणजे गाळाच्या मातीचा जाड थर. इथं डोंगाच खरा.

बुधवार

पाणी हललं की मी गळ टाकायला हात उचलायचो आणि काका मान हलवायचे. "थे वारं हाये. मरळ हवा घ्याले येते तवा गोल उठते, अन् मंग दोन बुडबुडे."

दिवसभर तेच शिकलो. मरळीला कल्ल्यांवर भागत नाही, तिला थोड्या थोड्या वेळानं वर येऊन हवा घ्यावीच लागते. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही तर ती पाण्यातच गुदमरून मरते. उलट पाण्याबाहेर, ओल असली की, बराच वेळ जगते. म्हणून तर बाजारात ती बादलीत जिवंत विकली जाते आणि भाव खाते. शेजारच्या तेलंगणानं हिला राज्यमासा केलं आहे. आपल्याकडं मात्र तलावात रोहू-कतल्याची बोटुकली सोडणारे तिला वैरीण समजतात, कारण ती बोटुकली गिळते.

संध्याकाळी वस्तीत पोरींची भुलाबाईची गाणी चालली होती. कोजागिरी जवळ आली.

गुरुवार, लाखपुरी

मूर्तिजापूर तालुक्यातलं हे गाव लक्षेश्वराच्या मंदिरासाठी प्रसिद्ध. सोयाबीनची मळणी ऐन भरात, त्यामुळं डोंगा मिळायला वेळ लागला.

दुपारी एका बाभळीच्या आडोशाला पाण्याच्या वरच्या थरात लालसर ठिपक्यांचा थवा दिसला. शेकडो पिल्लं, सगळी मिळून एकाच अंगानं वळणारी. उशिराची वीण. थव्याखाली मोठी सावली फिरत होती. डोंग्यावरचा तरुण पोरगा कुजबुजला, "भाऊ, टाका गळ. आत्ता काहीबी तोंडात घेते थे."

त्याचं खरं होतं. पिल्लं राखणारी मरळ भुकेनं नाही, रागानं झडप घालते. बेडूक टाका, चिंधी टाका, ती तुटून पडणार. स्मॉलमाउथ बासचा नरही असाच अंडी-पिल्लं राखतो. राखणदार उचलला की घटकाभरात बारके मासे पिल्लांचा फडशा पाडतात. अमेरिकेत काही राज्यांनी विणीच्या हंगामात बास धरण्यावर बंधनं घातली, ती यासाठीच.

मी गळ गुंडाळला. पोरगा नाराज झाला, आणि त्याचा राग मला समजतो. तशी एक मरळ म्हणजे त्याची दिवसाची मजुरी. पण पूर्णेला मिळणाऱ्या नद्यांवर धरणं झाली, काटेपूर्णेचं पाणी महानला अडलं, शहानूर अडली, वाण अडली. उन्हाळ्यात पूर्णा तुटक डोहांची नदी होते. त्या डोहांत जी मरळ उरते तिच्यावरच पुढच्या सालची मासेमारी उभी असते, आणि ती मरळ या लाल थव्यातूनच यायची. विणीच्या जागी गळ टाकायचा नाही, असं भोयांनीच ठरवावं. सरकारी फलकापेक्षा त्यांचा शब्द नदीवर जास्त चालेल.

पोरग्याला मी दिवसाची मजुरी दिली आणि आम्ही दोन वळणं खाली गेलो. तिथं गोल उठलं, मागोमाग दोन बुडबुडे. बारकी मासळी लावून गळ सोडला. तंगूस सरसर गेला, ताठ झाला, बाभळीच्या फांद्यांकडं ओढला जाऊ लागला. पोरग्यानं बांबू रोवून डोंगा आडवा धरला, म्हणून फांदी टळली. हातभर लांबीची मरळ वर आली. त्याच्याच घरी, कांदा-खोबरं भाजून केलेल्या रश्श्यात ती शिजली. ज्वारीची भाकर, आणि प्यायला नळानं लांबून आणलेलं पाणी. हा खारपाण पट्टा, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही.

शनिवार, गांधीग्राम

अकोला-अकोट रस्त्यावरचं हे गाव. श्रावणात इथून पूर्णेचं पाणी कावडीनं अकोल्याच्या राजराजेश्वराला जातं. आज काठ मोकळा होता. पात्र इथं रुंद, मला वाचता येईना. पुलाखाली जाळं टाकणाऱ्या एका भोयानं सांगितलं, की वाम हवी असेल तर अंधार पडल्यावर या, गांडूळ लावा आणि गळ बुडाला टेकू द्या. शिंगाडा माशासाठी मात्र नेरधामण्याच्या बॅरेजकडं जा. तो सोमवारी तिकडंच निघाला आहे, त्याच्या टेम्पोत मला जागा आहे.

(क्रमशः)