घटकाभर वारा

समारंभांतून पळून जाण्याची विद्या आम्हांला बऱ्यापैकीं अवगत आहे; परंतु परत येण्याच्या विद्येचा विचार आम्हीं कधीं केला नव्हता.

वडीलबंधूंच्या साठीशांतीला आम्ही वाईस गेलों होतों. पानें मांडण्यापूर्वीं धाकट्या भावानें चार शब्द बोलावे, असें कोणीसें सुचविलें. घराच्या वांटणीनंतर नऊ वर्षें आम्हां भावांत अवाक्षर नव्हतें, हें सुचविणारास ठाऊक नसावें. किंवा चांगलेंच ठाऊक असावें! हात धुण्याच्या निमित्तानें आम्ही मागील दारानें जे सटकलों, ते थेट कृष्णेच्या घाटावर.

ढोल्या गणपतीचें हें देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ सालीं अगदीं पाण्याला लागून बांधलें. पुराचा लोंढा फुटून दोहों अंगांनीं निघून जावा म्हणून त्याची मागील भिंत माशासारखी निमुळती केली आहे. उन्हाळ्यांतली नदी पाहिली म्हणजे ह्या सावधगिरीचें हंसूं येतें. त्या भिंतीच्या सावलींत, मानाची शाल शेजारीं ठेवून आम्ही बसलों.

एक वृद्ध गृहस्थ केव्हां येऊन टेकले तें कळलें नाहीं. आमच्या कपाळींच्या अक्षता पाहून ते म्हणाले, "लग्न?"

"साठीशांत. भावाची."

"मी मुलीच्या लग्नांतून उठलों. व्याह्यांचा एक शब्द लागला. म्हटलें, घटकाभर वारा खाऊन यावें. त्याला आतां एकोणतीस वर्षें झालीं."

आम्ही हंसलों. ते हंसले नाहींत.

"परत कां गेलां नाहीं?"

"जाणारच होतों. पहिल्या दिवशीं राग होता, दुसऱ्या दिवशीं लाज. पुढें जायला कारणच सांपडेना." मग हळूच त्यांनीं विचारलें, "तुम्हांला उठून किती वेळ झाला?"

"पाऊण तास."

ते कांहीं बोलले नाहींत; थोडे सरकून त्यांनीं आम्हांला नीट बसण्यास जागा करून दिली. धर्मशाळेंतला जुना उतारू नव्याला देतो तशी. आमच्या अंगावर सर्रकन् कांटा आला. आम्ही तडक उठलों. गल्लीच्या तोंडाशीं शाल आठवली. वळून पाहतों तों भर दुपारीं ते ती अंगाभोंवतीं लपेटून बसले होते. मागण्याचें धैर्य झालें नाहीं.

पंगत बसली होती. वडीलबंधु मात्र दारांत उभे.

"कोठें गेला होतास?"

"घाटावर."

"आणि शाल?"

"दिली," आम्ही म्हणालों. विसरली हें कांहीं केल्या तोंडांतून निघेना.

"बरें केलेंस. चल, भात निवतो आहे."