रूळ आणि नळ

सोलापुरास आगगाडी आली ती १८६० साली. त्यापूर्वीच्या पाऊलवाटांना, गाडीरस्त्यांना आणि ओढ्यांना रुळांनी काही विचारले असेल काय, हा प्रश्न आम्हांस पुष्कळदा पडे. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या सुमारे ८४ किलोमीटरांच्या नव्या मार्गाची मंजुरी २०१९ साली जाहीर झाली, तेव्हा आम्ही कायद्याचे पुस्तकच उघडले.

१८९० च्या रेल्वे कायद्याच्या ७ व्या व ८ व्या कलमांतील अधिकार १९८९ च्या कायद्यात ११ व्या व १२ व्या कलमांत उतरले आहेत. रेल्वेला पूल व बांध घालता येतात, ओढा वळविता येतो, रस्ता उंच वा सखल करता येतो, आणि आड येणारे नळ, विजेच्या तारा व गटारे हलविता येतात. अधिकार मोठा खरा. पण अवाजवी नव्हे. प्रत्येक गटाराच्या धन्याची मनधरणी करीत बसल्यास एकही रूळ वेशीबाहेर पडायचा नाही!

आमचे मन गुंतले ते १८९० च्या कायद्यातील अटींत. नळ हलविण्यापूर्वी नगरसंस्थेस वाजवी सूचना द्यावी लागे; तिच्या माणसास देखरेख करू द्यावी लागे; आणि काम चालू असता पुरवठा खंडित होऊ नये अशी तजवीज करावी लागे. उजनीच्या पाण्याची वाट पाहण्यात ज्या नगरातील गृहिणींच्या पिढ्या गेल्या, तेथे ही शेवटची अट सर्व पुलांहून मोलाची होती. १९८९ च्या कायद्याचे १३ वे कलम मात्र आम्हांस खटकते. राज्य सरकारच्या जमिनीस वा इमारतीस हात लावावयाचा तर त्या सरकारची संमती हवी. नगराच्या नळास नुसती सूचना पुरे. मुलीस पसंती विचारणे निराळे आणि तिच्या हाती लग्नपत्रिका देणे निराळे.

१६ वे कलम शेतकऱ्याच्या कामाचे आहे. शेत रुळांनी दुभंगले तर ये-जा करण्यास फाटक, पूल किंवा मोरी करून देणे हे रेल्वेचे कर्तव्य आहे. पण त्याबद्दल आधीच पैसे घेऊन हक्क सोडला असल्यास पुढे मागता येत नाही. शिवाय मार्ग वाहतुकीस खुला झाल्यापासून १० वर्षे लोटली, की अधिक सोयींचा खर्च रेल्वेवर टाकता येत नाही. तुळजापूरच्या वाटेवरील ज्यांची शेते दुभंगत आहेत, त्यांनी बैलगाडी कोठून न्यावयाची आणि पावसाचे पाणी कोठून जावयाचे, हे आताच लेखी मागून ठेवावे.