'गाव' म्हणजे नेमके कोण?

शाळेत अलंकार शिकवतात ते नावाप्रमाणे दागिने म्हणून. मुखकमल आले की रूपक, 'जणू' आले की उत्प्रेक्षा. दोन गुण मिळाले की विषय संपला. लक्षणा आणि व्यंजना या शब्दशक्ती तर स्पर्धा परीक्षेपुरत्याच. समाजशास्त्रात एमए करून वस्त्यांमध्ये काम करताना मात्र आम्हाला रोज दिसते, की हे दागिने नाहीत. ही हत्यारे आहेत आणि ती कोणाच्या हातात आहेत, याला महत्त्व आहे.

लक्षणा म्हणजे काय? शब्दाचा मूळ अर्थ जुळत नाही, म्हणून त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ घ्यायचा. 'घरावरून हत्ती गेला' हे व्याकरणातले ठरलेले उदाहरण. हत्ती छपरावरून जात नाही, घराजवळून जातो. आता पुस्तकात न येणारे उदाहरण घ्या: 'गावाने बहिष्कार टाकला.' घरे, विहिरी, रस्ते बहिष्कार टाकत नाहीत. माणसे टाकतात. ती माणसे कोण? आणि ज्यांच्यावर बहिष्कार पडला, ते त्या गावचे नव्हेत काय? वाक्यानेच त्यांना वेशीबाहेर काढले! 'गाव तेथे महारवाडा' ही म्हणही तेच करते. चांगल्याबरोबर वाईट असायचेच, असा तिचा अर्थ सांगतात आणि वाईटाच्या जागी आमची वस्ती ठेवतात.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. पीडित कुटुंब स्वतःसुद्धा हीच भाषा बोलते: 'गावाने दळण बंद केले, किराणा बंद केला.' अर्जात हे जसेच्या तसे उतरले तर आरोपी कोण? सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ॲट्रॉसिटी कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा म्हणून आला. पण शिक्षा माणसाला होते, लक्षणेला होत नाही. म्हणून अर्ज लिहायला बसलो की आम्ही विचारत राहतो: गिरणी कोणाची? दळण देणार नाही, असे कोण म्हणाले? बैठक कोणत्या दिवशी, कुठे झाली? कोण कोण हजर होते? मग 'गाव' नावाच्या पडद्याआडून एकेक नाव बाहेर येते.

बाबासाहेबांनी हेच हत्यार उलट दिशेने चालवले. १९२७ साली त्यांनी पाक्षिकाला नाव दिले 'बहिष्कृत भारत'. 'भारत' म्हटले की त्यात सगळे आलेच, हा समज त्या एका विशेषणाने मोडीत काढला. देशात राहून देशाबाहेर ठेवलेली माणसे त्या दोन शब्दांत उभी राहिली. १९३८ साली मुंबई विधिमंडळात अस्पृश्यांना कायद्याने 'हरिजन' म्हणण्याचा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला. नाव गोड केले म्हणून पाणवठा खुला होत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

एक अलंकार माणसाला लपवतो, दुसरा त्याला उजेडात आणतो. म्हणून आमच्या तरुण वाचकांना एवढेच सांगणे आहे. 'गावाची परंपरा', 'समाजाच्या भावना', 'दोन गटांत वाद' असे शब्द दिसले की पुढे सरकू नका. त्या वाक्यातला कर्ता शोधा, त्याचे नाव विचारा आणि ते अर्जात लिहा.

जय भीम!