खरमोर दिसतो तेवढा वेळ

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर आर्थर्स पासला आमची कॅम्पर व्हॅन उभी होती. मी आत चहा टाकला होता, आणि छतावर खडखड सुरू झाली. मुलगी म्हणाली, "आई, किआ!" शेवाळी रंगाचा, पंखांखाली नारिंगी असलेला तो डोंगरी पोपट दाराच्या कडेचं रबर चोचीनं उपसत होता. पक्षी पाहायला आम्ही सातासमुद्रापार गेलो, आणि इथे पक्षीच आम्हांला पाहायला आला होता.

त्याच प्रवासात तकाहेची गोष्ट ऐकली. उडता न येणारा, पाणकोंबडीच्या कुळातला हा निळा-हिरवा पक्षी संपलाच, असं सगळे धरून बसले होते. १९४८ साली तो फिओर्डलँडच्या डोंगरात पुन्हा सापडला. १९४८ म्हटलं की आम्हां देवासच्या मराठी घरांत वेगळीच आठवण निघते. त्या वर्षी कुमार गंधर्व क्षयाचं दुखणं घेऊन देवासला आले. गाणं बंद झालेल्या त्या काळात त्यांनी अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायकांची लोकगीतं ऐकली. त्या ऐकण्यातून पुढे केवढं गाणं उभं राहिलं! परत आल्यावर माझ्या मनात हेच घोळत राहिलं, की जागेवरून न हलता मी शेवटचं कधी काही ऐकलं?

म्हणून ऑगस्टमध्ये आम्ही घरची जुनी व्हॅन काढली आणि इंदूर, धार ओलांडून सरदारपूरला गेलो. पवारांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या आमच्यासारख्या घरांना धार म्हणजे किल्ला, भोजशाळा, फार तर मांडू. त्याच जिल्ह्यात १९८३ पासून खरमोरासाठी अभयारण्य आहे, हे मला साठी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. सालीम अलींनी या पक्ष्याकडे लक्ष वेधलं, आणि सरदारपूरबरोबर रतलाम जिल्ह्यातलं सैलानाही त्याच वर्षी राखीव झालं.

खरमोर म्हणजे महाराष्ट्रातला तणमोर, माळढोकाच्या कुळातला सगळ्यांत लहान. पावसाळ्यात नराची मान, छाती, पोट काळंभोर होतं आणि डोक्यामागे तुऱ्याची बारीक पिसं येतात. कमरेएवढ्या गवतात तो दिसतच नाही. मादीला दिसावं म्हणून तो गवतावर उंच उडी घेतो, पंख फडफडवतो, बेडकासारखा टरटर आवाज करतो आणि खाली पडतो. एका दिवसात ५०० हून अधिक उड्या मारल्याच्या नोंदी आहेत. माणसाला दिसतो तो त्या उडीपुरता.

आम्ही रस्त्याच्या कडेला इंजिन बंद करून बसलो. तास गेला, दीड तास गेला. आधी आवाज आला, मग गवतावर काळं-पांढरं काहीतरी उसळलं आणि मिटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किआनं असं केलं नव्हतं.

हा पक्षी २०२१ पासून जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. संस्थानी काळात घोड्यांना, गुरांना चारा हवा म्हणून गवताची बीडं राखलेली असत. पुढे सोयाबीन आलं, आणि ज्या जमिनीवर झाडही नाही नि पीकही नाही, तिला आपण पडीक म्हणत गेलो. शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. अभयारण्याच्या हद्दीत लोकांची स्वतःची शेतं आली, त्यांच्या खरेदी-विक्रीवर वर्षानुवर्षं बंधनं राहिली. मुलीच्या लग्नाला किंवा दुखण्याला जमीन विकता येत नसेल, तर त्या घराला खरमोर कसा गोड लागेल? चूक त्या 'पडीक' शब्दाची आहे. गवत पडीक नसतं. झाडं लावून त्याचं जंगल करणं हेही खरमोराला घर नाकारणंच आहे, आणि वृक्षारोपणाला उत्साहानं जाणाऱ्या माझ्यासारखीला हे फार उशिरा कळलं.

ऑगस्टमध्ये कधी सरदारपूरला गेलात तर गाडी रस्त्यावरच ठेवा आणि इंजिन बंद करा. फोटोसाठी गवतात पाऊल टाकू नका. मादी तिथेच, जमिनीवर अंडी घालते.