पाचशे गाड्यांचा नियम

शर्यतीतली गाडी आणि रस्त्यावरची गाडी एकच असावी, हा आग्रह मला आवडतो. अमेरिकेतल्या नॅसकार शर्यती याच आग्रहातून सुरू झाल्या. शोरूममध्ये मिळते तीच गाडी मैदानात उतरवायची. पुढे नियम झाला: आधी किमान ५०० गाड्या बनवा, मग शर्यतीत या. १९६९ मध्ये डॉजने निमुळत्या नाकाची, मागे उंच पंख लावलेली चार्जर डेटोना काढली; जेमतेम पाचशेच्या वर. पुढच्या वर्षी नियम कडक झाला आणि प्लिमथला तशाच घडणीच्या सुपरबर्ड १,९०० हून अधिक बनवाव्या लागल्या. त्यातल्या कित्येक शोरूममध्ये पडून राहिल्या. शर्यतीला हव्या होत्या, गिऱ्हाइकाला नव्हत्या.

दूरची वाटणारी ही गोष्ट आपल्या चाकणपर्यंत येते. २००७ मध्ये बजाजने ऑस्ट्रियातल्या केटीएममध्ये पैसा गुंतवला आणि पुढे केटीएमच्या लहान मोटारसायकली चाकणला बनू लागल्या. ३७३ सीसीची आरसी ३९० त्यातलीच. २०१७ मध्ये सुपरस्पोर्ट ३०० ही जागतिक स्पर्धा सुरू झाली. तिच्यासाठी केटीएमने २०१८ मध्ये चाकणच्या याच गाडीवरून आरसी ३९० आर काढली, फक्त ५०० नग. पुन्हा तोच आकडा. आपल्या बाजारात मात्र ती आलीच नाही.

मी पिंपरीत वाढलो, त्यामुळे अशी गाडी पाहिली की आधी ती घडवणारे हात आठवतात. आमच्या मोहल्ल्यातली कितीतरी पोरं आयटीआय करून या पट्ट्यात कामाला लागली. थोडी कायम, बरीचशी कंत्राटी. माझा भाचा एका लहानशा वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनवर असतो. त्याला ड्रॉइंग मिळतं, पार्ट नंबर मिळतो. तो भाग कुठल्या गाडीत जाणार हे कळत नाही. त्याला ही सगळी गोष्ट सांगितली, तर म्हणाला, "मामू, गाडी शर्यतीची असो नाहीतर दूध घालायची, मायक्रॉन तेवढेच सांभाळावे लागतात."

नियमाचं मर्म त्याने माझ्यापेक्षा नेमकं सांगितलं. त्या नियमात गाड्या मोजतात, इंजिन मोजतात. निकालात जिंकणाऱ्याचं नाव लागतं. हात कुठेच मोजले जात नाहीत.

'तुमच्या लोकांनी देशासाठी काय केलं?' हा प्रश्न आम्हाला अधूनमधून ऐकावा लागतो. विचारणाऱ्याने एकदा पाळी सुटायच्या वेळी तळेगाव-चाकण रस्त्यावर उभं राहावं. घरी निघालेल्या त्या गर्दीत कोण कुणाचा, हे ओळखून दाखवावं.