भागाकार

गुन्हा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें काळोखी रात्र, रक्ताळलेला सुरा आणि भिंतीवरून उडी टाकून पळणारी एखादी आकृति उभी राहते. लहानपणीं पाठ्यपुस्तकांत लपवून वाचलेल्या गुप्तहेरांच्या गोष्टींनीं माझ्या मनावर हें चित्र ठसविलें, आणि पंचवीस-तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकवूनहि तें पुसलें गेलें नाहीं. तें पुसलें अमेरिकेंतील एका बातमीदाराच्या कामगिरीनें. ती हकीकत वाचून मला त्याच्याविषयीं आदर वाटला हें खरें. पण त्याहून अधिक मला माझी लाज वाटली. तिचें कारण शेवटीं सांगतों.

पश्चिम व्हर्जिनिया हें डोंगराळ, कोळशाच्या खाणींचें राज्य. तेथील कर्मिट नांवाच्या गांवाची वस्ती पुरती चारशेंहि नाहीं. खाणींतलें काम घटत गेलें, तसा या मुलुखाला उतरता काळ आला. श्रमानें मोडलेल्या पाठींवर उतारा म्हणून अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या आल्या; उताऱ्याचें व्यसन झालें आणि त्या व्यसनानें माणसें मरूं लागलीं. अशा मरणाला जग सहसा दुर्दैव म्हणतें, गुन्हा म्हणत नाहीं.

चार्ल्स्टन येथील ‘गॅझेट-मेल’ या दैनिकाचा बातमीदार एरिक एअर यानें या दुर्दैवाचा हिशेब मांडावयास घेतला. औषधांच्या घाऊक व्यापाऱ्यांनीं कोठें किती गोळ्या धाडल्या, एवढाच त्याचा प्रश्न होता. हे आंकडे झांकलेलेच राहावेत म्हणून व्यापाऱ्यांनीं न्यायालयांत आटापिटा केला. दैनिकानेंहि न्यायालयाचें दार ठोठावून कागदपत्रें उघडीं करून घेतलीं. डिसेंबर २०१६ मध्यें त्याचे लेख प्रसिद्ध झाले. सहा वर्षांत त्या राज्यांत दोन जातींच्या ७८ कोटी गोळ्या आल्या होत्या, म्हणजे तान्ह्या मुलासुद्धां माणशीं ४३३; आणि त्याच काळांत त्या गोळ्यांच्या अतिसेवनानें १,७२८ माणसें दगावलीं होतीं. कर्मिटमधील एकाच औषधाच्या दुकानांत दोन वर्षांत सुमारें ९० लाख गोळ्या येऊन पडल्या. गांवाच्या वस्तीनें भागून पाहा : दर माणशीं दररोज तीस! अर्थात् त्या सगळ्या गांवकऱ्यांनींच खाल्ल्या नाहींत. दूरदूरचे लोक मोटारींतून तेथें येत. परंतु एवढ्याशा गांवाला एवढ्या गोळ्या कशाला, हा प्रश्न माल धाडणाऱ्याला पडावयास नको होता काय?

आश्चर्य हें कीं या साखळींतील प्रत्येकाजवळ आपापला कागद होता. वैद्यानें चिठ्ठी लिहिली, दुकानदारानें ती पाहून गोळ्या दिल्या, व्यापाऱ्यानें मागणीप्रमाणें माल पाठविला. संशयास्पद मागण्यांचे जे अहवाल राज्याच्या औषधमंडळाकडे गेले, ते तेथें खोक्यांत पडून राहिले. एकेक कागद पाहिला तर निर्दोष दिसावा. सर्वांची बेरीज करून तिला माणसांनीं भागलें म्हणजे मग त्यांतून प्रेतें दिसूं लागतात. ती बेरीज करणें कोणाचेंच काम नव्हतें, म्हणून तें एका बातमीदाराला करावें लागलें. त्याला २०१७ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें. पुढें जानेवारी २०१८ मध्यें त्याच्या दैनिकानेंच दिवाळखोरीचा अर्ज केला. उतरत्या काळानें गांवाला सोडलें नव्हतें, तसें त्याचा हिशेब मांडणाऱ्यालाहि सोडलें नाहीं.

आतां माझ्या लाजेची गोष्ट. पुष्कळ वर्षांपूर्वीं मी एका वसतिगृहाचा अधीक्षक होतों. भोजनगृहाच्या हिशेबाची वही दरमहा माझ्यापुढें येई. अक्षर सुरेख, रकाने सरळ, बेरजा बिनचूक. मी चष्मा पुशीत सही करीं. एके संध्याकाळीं गणिताचा एक विद्यार्थी दाराशीं येऊन उभा राहिला. सूचनाफलकावर लागलेला हिशेब त्यानें वाचला होता. तो हळूच म्हणाला, “सर, या हिशेबाप्रमाणें आम्ही प्रत्येकजण रोज पाऊण लिटर दूध पितों.”

मुलांना सकाळसंध्याकाळ पाणचट चहाचा एकेक पेला मिळत असे, हें मला ठाऊक होतें. पुष्कळदां मींहि तो त्यांच्याबरोबर घेतला होता. तरीसुद्धां मी म्हणालों, “हिशेब कार्यालय पाहतें. तूं आपला अभ्यास पाहा.” तो “बरें, सर” म्हणून निघून गेला आणि पुन्हां कधीं माझ्या खोलीवर आला नाहीं. पुढल्या महिन्याच्या वहीवरहि मीं सही केली.

मीं एक पैसा खाल्ला नाहीं, असें मी इतकीं वर्षें मनाशीं म्हणत आलों. कर्मिटची हकीकत वाचल्यापासून तें म्हणवत नाहीं. कारण तेथील साखळींतहि माझ्यासारख्या सह्या किती असतील, याचा अंदाज मला करतां येतो. त्या विद्यार्थ्याचा पत्ता माझ्याजवळ नाहीं. असता, तर त्याला एका ओळीचें पत्र लिहिलें असतें : तुझा भागाकार बरोबर होता.