थिंग पु तोंग

2019च्या मे महिन्यात आम्ही दोघे शांघायला होतो. प्रयोजन अगदी घरगुती होते. आमच्यातील एकीची धाकटी बहीण नवऱ्याच्या नोकरीमुळे तेथे राहत होती आणि बाळंत होणार होती. महाविद्यालयाची उन्हाळी सुटी आयतीच हाताशी असल्यामुळे आम्ही मेतकूट, डिंकाचे लाडू आणि थोडी पुस्तके घेऊन पनवेलहून निघालो. प्रवासवर्णन लिहिण्याचा मानस तेव्हा नव्हता आणि आजही नाही. सांगायचे आहे ते निराळेच, आणि आम्हाला थोडे अडचणीत आणणारे आहे.

चीनमध्ये कुणाच्या घरी उतरणाऱ्या परकीयाला चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे नोंद करावी लागते. आम्हीही केली. हाती आलेल्या कागदावर काय लिहिले आहे ते बहिणीच्या यजमानांनी सांगितले: ‘तात्पुरता निवास’. त्या कागदाची एक ओळही आम्हाला वाचता येत नव्हती. वीस वर्षे मराठीचे अध्यापन करणारी, शैलीविज्ञानापासून बोलीविज्ञानापर्यंत सारे फळ्यावर मांडणारी दोन माणसे एका रात्रीत निरक्षर झाली होती. औषधाच्या दुकानाची पाटी कोणती आणि केशकर्तनालयाची कोणती, हे काचेतून आत डोकावल्यावर कळे. मीठ समजून साखर आणली, तो प्रसंग घरात अजूनही निघतो.

बाजारहाट आमच्याकडे होता. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मंडईत एक भाजीवाली बाई बसत असे. आम्ही पहिल्या दिवशी इंग्रजीत विचारले, मग हातवारे केले, आणि तिने उत्तर दिल्यावर बहिणीने पाठ करून घेतलेले वाक्य म्हटले: ‘थिंग पु तोंग.’ थिंग म्हणजे ऐकणे, पु हा नकार, तोंग म्हणजे उमजणे. ऐकू आले, पण उमजले नाही. फलकापुढे उभे राहून म्हणायचे असेल तर ‘खान पु तोंग’: दिसले, पण उमजले नाही. आपण मराठीत सरसकट ‘कळले नाही’ म्हणतो. चिनी माणूस न कळण्याची वाट कोणती, कानाची की डोळ्यांची, तेही सांगून टाकतो. भाषेच्या अध्यापकांना याचे कौतुक वाटणारच. परंतु सकाळी आठ वाजता हातात पालकाची जुडी धरून उभे असताना कौतुकापेक्षा लाज अधिक वाटते.

त्या बाईने आमच्यासाठी भाषा बदलली नाही. तिला दुसरी येतही नसावी. तिने तेच दोन शब्द पुन्हा, सावकाश उच्चारले, ‘लिऊ ख्वाय’, आणि अंगठा व करंगळी ताठ ठेवून उरलेली बोटे मिटली. हा चिन्यांचा सहाचा आकडा. सहा युआन. अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ. दहापर्यंतचे सारे आकडे ते एका हातावर दाखवू शकतात. आसपासची गिऱ्हाइके मोबाइलवरून पैसे चुकते करीत. आम्ही नोटा पुढे करीत असू आणि ती सुट्ट्या पैशांसाठी शेजारच्या दुकानात जाई. दुसऱ्या आठवड्यात आम्ही आकडा तोंडाने म्हटला. सूर चुकला, तेव्हा तिने तो दुरुस्त करून परत म्हणवून घेतला. चिनीत सूर चुकला की अर्थच पालटतो. ‘माय’ एका सुरात म्हटले तर विकत घेणे, दुसऱ्या सुरात विकणे. महिनाअखेर आम्हाला आकडे, सात-आठ भाज्या आणि ‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढे येऊ लागले होते. हे अध्यापन तिचे होते, आणि विनावेतन होते.

संध्याकाळी आम्ही लू शुन उद्यानात जात असू. चिनी बोलभाषेला आधुनिक साहित्यात प्रतिष्ठा मिळवून देणारा हा लेखक 1936 साली शांघायमध्ये वारला. त्याची समाधी या उद्यानात आहे. तेथे वृद्ध मंडळी लांब दांड्याचा कुंचला पाण्यात बुडवून फरसबंदीवर अक्षरे काढतात. पाच-दहा मिनिटांत ती वाळून जातात. एका आजोबांनी एकदा कुंचला आमच्या हाती दिला. आम्ही ‘पनवेल’ असे लिहिले. त्यांनी वाकून पाहिले, हसून ‘खान पु तोंग’ म्हटले, आणि वरच्या रेघेवर बोट ठेवून खुणेने विचारले: ही आधी की नंतर? त्यांच्या लिपीत रेघांचा क्रम ठरलेला असतो. शिरोरेषा आपण शेवटी देतो, हे आम्ही त्या दिवशी प्रथमच जाणीवपूर्वक पाहिले.

शांघायच्या त्या मुक्कामात सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण येणे स्वाभाविक होते. 1938 साली भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकात ते होते. तेही तात्पुरतेच गेले होते. सहकारी यथावकाश परतले, कोटणीस राहिले. ते चिनी बोलायला, लिहायला शिकले, को छिंगलान या परिचारिकेशी विवाहबद्ध झाले, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच निवर्तले. मुलाचे नाव ‘यिनह्वा’ ठेवण्यात आले होते: ‘यिन’ म्हणजे भारत, ‘ह्वा’ म्हणजे चीन. त्यांच्यावर भाषेची सक्ती कुणी केली असेल असे वाटत नाही. जखमी माणसाला ‘कुठे दुखते?’ हे त्याच्याच भाषेत विचारावे लागते, एवढे कारण पुरेसे होते.

आता अडचणीची गोष्ट. आमच्या इमारतीचा पहारेकरी ओडिशाचा आहे. बारा वर्षे येथे आहे. ‘इतकी वर्षे राहून यांना मराठी येत नाही’ हे वाक्य आम्ही त्याच्याविषयी, तळोज्याच्या कारखान्यांत राबणाऱ्यांविषयी, स्थानकाबाहेरच्या फेरीवाल्यांविषयी कितीदा उच्चारले असेल, याची गणती नाही. पण शांघायहून परतल्यावर मध्यरात्री त्याने फाटक उघडले, आणि आमच्यातील एकाच्या तोंडून आपोआप निघाले: ‘कैसे हो भैया?’

बारा वर्षांत आम्ही त्याच्याशी एकही मराठी वाक्य बोललो नव्हतो. त्याला भाषा येत नाही ही तक्रार आमची, आणि ती त्याच्या कानावर पडू न देण्याची व्यवस्थाही आमचीच. भाजीवालीने एका महिन्यात जे आम्हाला दिले ते दोन एम. ए. झालेल्या माणसांनी त्याला एका तपात दिले नव्हते. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा महाविद्यालयातील समारंभात आम्ही भाषणे केली. 2025 साली मराठी न बोलल्यावरून मारहाण झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा अध्यापककक्षात निषेधही केला. दोन्ही वेळी आम्ही मनापासूनच बोललो होतो, आणि दोन्ही वेळी तो पहारेकरी आमच्या हिशेबात कोठेच नव्हता. थप्पड मारून भाषा येत नाही हे खरे, पण समोरच्याच्या सोयीसाठी म्हणून आपण ती गिळून टाकली तरीही ती येत नाही. सावकाश, तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणण्याचा धीर मात्र लागतो, आणि तो आमच्याकडे नव्हता.

हल्ली आम्ही त्याच्याशी मराठीतच बोलतो. सुरुवातीस त्याला ते विचित्र वाटले, कदाचित थोडे भयही वाटले असेल. बातम्या त्याच्याही कानावर होत्याच. कारण सांगितले, शांघायची भाजीवालीही सांगितली, तेव्हा तो हसला. कधी आम्ही घाईत असतो आणि जुनी सवय उसळून येते. कधी तोच कंटाळतो आणि हिंदीवर जातो. परवा पाण्याचा टँकर केव्हा येणार ते त्याला विचारले. वाक्य बहुधा फार लांब झाले असावे. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, ‘ऐकलं सर, पण समजलं नाही. परत सांगा.’

आम्ही परत सांगितले.